मधुमेह आणि हृदयविकार : गावची परिस्थिती, आहार व शाळेचे कार्य

मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार ही श्रीमंतांची आणि शहरवासीयांची दुखणी होत, असा समज आपल्या खेड्यांतून अद्याप दृढ आहे. उन्हातान्हात राबणाऱ्यास 'साखर' होत नाही, अंगाने कृश असलेल्यास रक्तदाब होत नाही, आणि हे विकार उतारवयातच उद्भवतात, अशी त्याची तीन अंगे आहेत. ही तिन्ही विधाने आता शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशातील सर्व राज्यांत १ लाख १३ हजार प्रौढ व्यक्तींची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात शेकडा ११.४ प्रौढांस मधुमेह व शेकडा ३५.५ प्रौढांस उच्च रक्तदाब आहे. मधुमेहाचे प्रमाण शहरांत शेकडा १६.४ आणि ग्रामीण भागात शेकडा ८.९ आढळले. येथवर खेडे बरे, असे वाटेल. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचे प्रमाण शहरांत व खेड्यांत जवळजवळ सारखेच, म्हणजे शेकडा १५ च्या घरात आहे. गावातील दर सहा-सात प्रौढांपैकी एक जण या उंबरठ्यावर आहे, असा याचा अर्थ.

हे वैद्यांचे काम. प्राथमिक शिक्षकाचा याच्याशी संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या विकारांची लक्षणे चाळिशीत दिसतात हे खरे. परंतु त्यांचे बी गर्भावस्थेत व बालपणी पेरले जाते, असे गेल्या चार दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. आणि गावातील सर्व बालके जेथे दररोज एकत्र येतात, अशी संस्था शाळा हीच होय. यास्तव हा विषय शिक्षकांनी मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

विकार होतो म्हणजे काय होते?

भाकरी, भात, पोळी या अन्नांचे पचन होऊन त्यांची साखर बनते व ती रक्तात उतरते. ही साखर म्हणजे शरीराचे इंधन. ते रक्तातून स्नायूंत व इतर अवयवांत पोहोचविण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणारा इन्शुलिन नावाचा रस करतो. पाटाच्या पाण्याचा दृष्टान्त घेतल्यास हे मुलांनाही सहज समजेल. रक्त हा पाट, साखर हे पाणी, आणि इन्शुलिन हा वाफ्यांची तोंडे उघडणारा पाटकरी. सर्वांत मोठे वाफे म्हणजे आपले स्नायू. वाफे मोठे व भुसभुशीत असतील तर आलेले पाणी मुरते. वाफेच लहान असतील, किंवा त्यांची तोंडे गाळाने बुजली असतील, तर पाणी पाटातच तुंबते. मग पाटकऱ्यास दुप्पट राबावे लागते आणि काही वर्षांनी तो थकतो. पाटात तुंबलेले पाणी म्हणजेच मधुमेह.

या दृष्टान्तातील गाळ म्हणजे पोटाच्या आतील भागात, यकृतात व स्नायूंत साठलेली चरबी. तिच्यामुळे इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. रक्तातील वाढलेली साखर व चरबी, वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू यांच्या एकत्रित आघाताने रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तर खराब होते, त्या कठीण व अरुंद होतात. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूची बंद पडली किंवा फुटली तर पक्षाघात होतो. मूत्रपिंड व डोळेही याच मार्गाने निकामी होतात. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार ही तीन निरनिराळी दुखणी नसून एकाच वृक्षाच्या फांद्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

पुण्याजवळील सहा खेड्यांचा धडा

या विषयातील एक मोलाचे संशोधन आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळील ६ खेड्यांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून पाहणी सुरू केली आणि पुढे त्यांच्या मुलांच्या वाढीचीही नोंद ठेवली. या माता शेतकरी कुटुंबांतील. त्यांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर व वजन अवघे ४२ किलोच्या आसपास होते. त्यांच्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे सरासरी वजन सुमारे ३.५ किलो होते.

वजनातील हा फरक अपेक्षितच होता. परंतु संशोधकांनी बालकांच्या कातडीच्या घडीची जाडी मोजली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. आपली बालके स्नायूंच्या व पोटातील अवयवांच्या बाबतीत फारच उणी होती. कातडीखालील चरबी मात्र त्यांनी पुष्कळशी टिकवून धरली होती. दिसण्यात रोड, पण आत चरबीचे प्रमाण अधिक, अशी ही जन्मजात ठेवण आहे. आपल्या दृष्टान्तात सांगावयाचे तर हे बालक लहान वाफे घेऊनच जन्मास येते. पुढे त्याच्या पाटात पाणी अधिक सोडले, म्हणजे बैठे काम व गोडधोड यांची जोड मिळाली, की तुंबारा होण्यास वेळ लागत नाही. कृश माणसास मधुमेह का होतो, याचे उत्तर येथे सापडते.

याच ठेवणीचे उदाहरण डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःवरून दिले. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्या उंचीच्या मानाने असलेल्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. तथापि शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या ठायी शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या ठायी शेकडा २१.२ भरले. काटा दोघांनाही निरोगी ठरवीत होता. वजनकाट्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही, हे यावरून कळून येईल.

या पाहणीतील आणखी तीन निष्कर्ष शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावेत. पहिला असा की, मातेने एकूण अन्न किती खाल्ले यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध तिच्या आहारात कितपत होते, याचा बालकाच्या जन्मवेळच्या वाढीशी अधिक संबंध दिसला. दुसरा असा की, गरोदरपणी पाणी वाहणे, शेतात राबणे यांसारखी अतिश्रमाची कामे करणाऱ्या मातांची बालके अधिक लहान होती. तिसरा असा की, सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, ताक, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट नावाचे जीवनसत्त्व अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा परिणाम मंदावल्याची चिन्हे आढळली. सहावे वर्ष म्हणजे आपल्या पहिलीतले मूल!

जुन्या नोंदवह्यांनी काय सांगितले?

गर्भावस्थेतील पोषण व पुढील आयुष्यातील हृदयविकार यांचा संबंध जगापुढे ठळकपणे मांडला तो इंग्लंडमधील डॉ. डेव्हिड बार्कर यांनी. १९८६ साली त्यांनी असे दाखविले की, ज्या भागांत १९२१ ते १९२५ या काळात बालमृत्यू अधिक होते, त्याच भागांत पन्नास वर्षांनंतर हृदयविकाराचे मृत्यू अधिक होते. पुढे हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या नोंदवह्या त्यांच्या हाती आल्या. तेथील सुईणी व आरोग्यसेविका १९११ पासून प्रत्येक बालकाचे जन्मवेळचे व पहिल्या वर्षअखेरचे वजन शाईने टिपून ठेवीत असत. त्या नोंदींवरून ती माणसे शोधली असता, ज्यांचे वजन बालपणी सर्वांत कमी होते त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत अधिक निघाले. वजन-उंचीच्या तक्त्यास केवळ वरिष्ठांस पाठवावयाचा कागद समजणाऱ्यांनी ही हकिगत मनात ठेवावी. एका अज्ञात सेविकेच्या काटेकोर नोंदीने वैद्यकाची दिशा बदलली.

अन्नाच्या अभावाप्रमाणे अतिरेकाचाही परिणाम बालवयापासून होतो. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धामुळे साखरेवर लागू झालेले नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्ये उठले, आणि लोकांचे साखर खाण्याचे प्रमाण थोड्याच अवधीत जवळजवळ दुप्पट झाले. या घटनेच्या अलीकडे व पलीकडे जन्मलेल्यांची तुलना २०२४ साली प्रसिद्ध झाली. गर्भावस्था व पहिली दोन वर्षे ज्यांनी नियंत्रणाच्या काळात काढली होती, त्यांना मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. तान्ह्या बाळास साखरेचे पाणी चाटविणे किंवा दोन वर्षांच्या मुलाच्या हाती बिस्किटांचा पुडा देणे, हे लाड नव्हेत, हे मातापालकांस या उदाहरणाने पटवून देता येईल.

आनुवंशिकता की परिस्थिती?

"आमच्या घराण्यातच साखर आहे, त्यास इलाज काय?" असे पुष्कळ जण म्हणतात. आनुवंशिकतेचा भाग आहेच. पण तो सर्वस्व नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात पिमा नावाची आदिवासी जमात राहते. गिला नदीच्या पाटपाण्यावर ते लोक शेती करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगास वसलेल्यांनी नदीचे पाणी वळविले, शेती वाळली, आणि पुढे मैदा, साखर व चरबी यांवर त्यांना गुजराण करावी लागली. मधुमेहाचे प्रमाण त्यांच्यात अतोनात वाढले. याच पिमांचे रक्ताचे नातलग मेक्सिकोतील डोंगराळ भागात मका, घेवडा व स्वतःचे कष्ट यांवर जगत आले आहेत. २००६ साली दोहोंची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा अमेरिकेतील पिमांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा ३८, तर मेक्सिकोतील पिमांत शेकडा ६.९ इतके आढळले. रक्त एक, परिस्थिती दोन, आणि परिणामही दोन!

परिस्थिती म्हणजे काय, याचा विचार आता आपल्या गावापुरता करू.

धूर हा तिचा पहिला घटक. चुलीतील लाकूड, गोवऱ्या, शेतातील पाचट, शाळेच्या आवारातील पालापाचोळा व प्लॅस्टिक यांच्या धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. त्यांच्यामुळे दाह वाढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब चढतो. धुराने केवळ खोकला होतो, ही समजूत अपुरी आहे. तो हृदयासही घातक आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरी गॅस आला, तथापि जेथे पाणी तापविणे व भाकरी चुलीवरच चालते, तेथे निदान धूर बाहेर जाण्याची वाट व लहान मुले दूर ठेवण्याची दक्षता हवी.

दुसरा घटक तंबाखू. आपल्याकडे अनेक स्त्रिया मिश्री लावतात व तिला तंबाखू समजत नाहीत. गरोदरपणी तंबाखूचे कोणतेही सेवन बालकाचे वजन घटविते. तिसरा घटक श्रमांची विषम वाटणी. गरोदर मातेच्या डोक्यावर हंडे, आणि तरुण मुलगा मात्र पिठाच्या गिरणीपर्यंतही मोटारसायकलने जातो. चौथा घटक झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रात्री ९ ते १२ तास झोप हवी. मोबाईलच्या उजेडात ती तुटली की भूक व साखर यांचे नियमन बिघडते.

आहाराविषयी चार गोष्टी

आपला जुना आहार मुळात वाईट नव्हता. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, ताक व मूठभर शेंगदाणे यांत पिष्ट, प्रथिने, चोथा व क्षार यांची चांगली सांगड आहे. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पाट एकदम भरत नाही. परंतु भाकरी हे औषध नव्हे. चार भाकरी व लालभडक रस्सा, सोबत भाजी नावापुरती, असे ताट असेल तर भाकरीचाही उपयोग मर्यादितच. ताटाचा निम्मा भाग भाजी, फळे व कोशिंबीर यांनी व्यापावा, डाळ-उसळ दररोज असावी, आणि उरलेल्या भागात भाकरी-भात असावा.

गुळाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. गूळ 'नैसर्गिक' म्हणून मधुमेहीही तो निर्धास्त खातात. गुळात थोडे क्षार असतात हे खरे. पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे, व रक्तात तो साखरेसारखाच वागतो.

मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे एक सपाट लहान चमचाभर, अशी आहे. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे व पुड्यांतील खाऊ यांतील मीठ त्यातच धरावयाचे. पुड्यांतील खाऊचे दुसरे वैगुण्य असे की, तो पाच-दहा रुपयांत मुलाची भूक मारतो आणि घरच्या जेवणास जागा ठेवीत नाही. ज्या मुलाचे वाफे आधीच लहान आहेत, त्याला स्नायू बांधणारी डाळ, दूध, अंडी मिळत नाहीत व गाळ मात्र वाढतो. कुपोषण आणि मधुमेहाची पूर्वतयारी ही एकाच मुलाच्या ठिकाणी एकत्र नांदू शकतात, ती अशी.

शाळेत काय करता येईल?

(१) पोषण आहार : नियमानुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे २० ग्रॅम डाळ-कडधान्य व ५० ग्रॅम भाजी शिजावयास हवी. डाळ पातळ व भाजी नाममात्र होत असेल तर भाताने पोट भरते, पण स्नायू भरत नाहीत. या दोन वस्तूंचे वजन मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे. शेवगा, राजगिरा, अंबाडी, तांदुळजा, चाकवत ही परसबागेत अल्प पाण्यावर येणारी भाजी आहे.

(२) शाळेचा परिसर : २०२० च्या केंद्रीय नियमानुसार अतिचरबी, अतिसाखर व अतिमीठ असलेले पदार्थ शाळेत व शाळेपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. २००३ च्या कायद्यानुसार १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी आहे. दुकानदार हा बहुधा गावचाच असतो. प्रथम त्यास शाळा व्यवस्थापन समितीत बोलावून समजूत घालावी. चणे, शेंगदाणे, केळी, पेरू त्याने ठेवल्यास त्याचाही तोटा नाही.

(३) खेळ : मुलांस दररोज एकूण ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. खेळाचा तास गणितास देऊ नये. लंगडी, खो-खो, लगोरी यांना खर्च नाही. मुलींना मैदानाच्या कडेस बसवू नये. उद्याच्या मातेचे स्नायू याच वयात बांधले जातात.

(४) गणित व परिसर अभ्यास : पाच प्रौढांच्या घरास दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे महिन्यास ७५० ग्रॅम मीठ पुरे. तुमच्या घरी १ किलोचा पुडा किती दिवसांत संपतो? दिवसातून ३ कप चहा, दर कपात १० ग्रॅम साखर, तर वर्षास किती किलो? उत्तर सुमारे ११ किलो येते, आणि ते मूल घरी जाऊन सांगते. एवढा परिणाम भाषणाने होत नाही.

(५) नोंदी : उंची व वजन दर तिमाहीस अचूक घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येईल तेव्हा ज्यांची वाढ थांबलेली दिसते, तसेच ज्यांचे वजन झपाट्याने वाढले आहे, अशी दोन्ही प्रकारची मुले दाखवावीत.

(६) मुलींचे शिक्षण : सातवी-आठवीनंतर शाळा सुटली की लवकर विवाह, कोवळ्या वयात बाळंतपण व कमी वजनाचे बालक, ही साखळी सुरू होते. पटावरील मुलगी टिकविणे हे पुढील पिढीच्या हृदयविकाराचेही प्रतिबंधक कार्य आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. स्थूल मुलाची वर्गात थट्टा होऊ देऊ नये, आणि कोणत्याही मुलास आपल्या मनाने जेवण कमी करण्यास सांगू नये. वाढत्या वयात उपास नव्हे, तर योग्य अन्न व खेळ हाच उपाय होय. निदान व उपचार हे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे काम. आपले काम निरीक्षणाचे व शिक्षणाचे.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींनी स्वतःकडेही पाहावे. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास तो इशारा समजावा. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० च्या खाली असणे योग्य. १२६ वा अधिक असल्यास मधुमेहाची शक्यता असून पुन्हा तपासून खात्री करावी. रक्तदाब १४०/९० च्या पुढे वारंवार आढळल्यास उपचार हवेत. तिशी ओलांडलेल्यांची ही तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. वर्षातून एकदा सर्व शिक्षकवृंदाने मिळून ती करून घ्यावी व येताना पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनींनाही सोबत न्यावे. या विकारांत दुखत-खुपत काही नाही, म्हणूनच ते धोक्याचे आहेत. लक्षणांची वाट पाहणे म्हणजे बांध फुटेपर्यंत पाटाकडे न पाहणे.

आज पहिलीत बसलेले मूल चाळिशीस येईल तेव्हा आपण सेवेत नसू. परंतु त्याच्या ताटात पडलेली डाळ, त्याने मैदानावर मारलेल्या धावा आणि त्याच्या थोरल्या बहिणीचे न मोडलेले शिक्षण यांचा हिशेब त्याच्या शरीरात राहील. तो चांगला राहावा, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.